शोधनिबंध, प्रबंध, आढावा लेख: संशोधनपर लेखनाचे प्रकार कशाने वेगळे होतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रबंधातले एक पूर्ण झालेले प्रकरण तुम्ही जवळजवळ जसेच्या तसे एका संशोधन-नियतकालिकाकडे पाठवले. परीक्षकांनी संशोधनात दोष काढला नाही, पण ‘हा शोधनिबंध नाही, प्रबंधाचे प्रकरण आहे’ असा शेरा मारून ते परत केले. डेटा तोच, निष्कर्ष तेच, भाषाही निर्दोष, मग चुकले काय? आणि लघुप्रबंध, प्रबंध, शोधनिबंध, आढावा लेख, टिपण, ग्रंथपरीक्षण या साऱ्यांत लांबीखेरीज फरक तरी कोणता? संशोधकांना मार्गदर्शन करणे आणि नियतकालिकांसाठी परीक्षण करणे ही दोन्ही कामे मी दीर्घकाळ करीत आलो आहे, आणि हा प्रश्न बहुतेक सगळ्या नव्या संशोधकांपुढे कधी ना कधी उभा राहिलेला पाहिला आहे. म्हणून उत्तर विस्ताराने देतो.

लांबीतला फरक हा परिणाम आहे. मूळ फरक वाचकात आहे. प्रत्येक लेखनप्रकारामागे एक ठरावीक वाचक असतो आणि तो मजकूर उघडतो तेव्हा त्याच्या मनात एक ठरावीक प्रश्न असतो. प्रबंध वाचणाऱ्या परीक्षकाला हे ठरवायचे असते की या व्यक्तीला स्वतंत्रपणे संशोधन करता येते का, विषयातले आधीचे काम तिने पचवले आहे का, आणि पद्धत निवडताना तिने पर्यायांचा विचार केला होता का. शोधनिबंध वाचणाऱ्या सहकारी संशोधकाला तुमच्या तयारीविषयी काहीही जाणून घ्यायचे नसते. ती आहे असे तो गृहीत धरतो आणि विचारतो की यात नवे काय आहे, त्यावर किती विश्वास ठेवावा, आणि माझ्या कामात त्याचा उपयोग कोणता. तुमच्या प्रकरणाने पहिल्या वाचकाच्या प्रश्नांना उत्तम उत्तरे दिली असणार. दुसऱ्या वाचकाला मात्र आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधत पंचवीस पाने चाळावी लागली असतील.

हे प्रकार कुणी एका बैठकीत ठरवलेले नाहीत. सतराव्या शतकात युरोपातले अभ्यासक आपले शोध एकमेकांना पत्रांतून कळवीत असत. १६६५ साली पॅरिसमध्ये ‘जूर्नाल दे साव्हां’ आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांच्या संपादनाखाली ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ ही संशोधन-नियतकालिके सुरू झाली, तेव्हा त्यांतल्या मजकुराचे रूप बरेचसे पत्रासारखेच होते. ‘मी अमुक केले, तमुक दिसले’ अशी ती प्रथमपुरुषी निवेदने असत. रॉबर्ट बॉइल यांनी हवेच्या पंपावरच्या प्रयोगांची वर्णने मुद्दाम अतिशय तपशिलात लिहिली, फसलेल्या प्रयोगांसकट, कारण प्रयोगाच्या जागी हजर नसलेल्या वाचकालाही तो डोळ्यांसमोर घडल्यासारखा वाटावा आणि त्याने साक्षीदार व्हावे अशी त्यांची इच्छा होती. पद्धतीचे वर्णन तपशीलवार असावे हा आजचा आग्रह त्याच गरजेतून आलेला आहे. पुढे संशोधन वाढले, वाचकाकडचा वेळ कमी झाला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा हा चार भागांचा साचा प्रायोगिक विज्ञानांत, विशेषतः वैद्यकात, रूढ होत गेला. त्याआधी तो सक्तीचा नव्हता. आइनस्टाइन यांच्या १९०५ सालच्या विशेष सापेक्षतेवरील निबंधात संदर्भसूचीच नाही. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा निबंध ‘नेचर’च्या २५ एप्रिल १९५३ च्या अंकात जेमतेम सव्वा पानात बसला आणि त्यात हे चार भाग तुम्हाला सापडणार नाहीत.

या साच्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो माहीत असणे उपयोगी आहे. जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९६३ साली बीबीसीवरील भाषणात असे म्हटले होते की वैज्ञानिक निबंध विचारप्रक्रियेचे खोटे चित्र उभे करतो: जणू संशोधकाने आधी कोऱ्या मनाने निरीक्षणे गोळा केली आणि नंतर त्यांतून निष्कर्ष आपोआप वर आला. प्रत्यक्षात अंदाज, आडाखे आणि अपेक्षा आधी असतात. आक्षेपातले निरीक्षण बरोबर आहे. पण मला त्यातून वेगळे अनुमान काढावेसे वाटते: शोधनिबंध ही संशोधनाची दैनंदिनी नाही, तो युक्तिवाद आहे. शोध ज्या क्रमाने लागला त्या क्रमाने तो सांगण्याचे बंधन लेखकावर नाही. ज्या क्रमाने तो तपासता येईल त्या क्रमाने सांगण्याचे बंधन मात्र आहे. प्रबंधाच्या प्रकरणात ‘सुरुवातीला आम्ही अमुक पद्धत वापरून पाहिली, ती उपयोगी पडली नाही, म्हणून दुसरी घेतली’ हे लिहिणे योग्य ठरते, कारण परीक्षकाला तुमचा प्रवास पाहायचा असतो. शोधनिबंधात त्या पहिल्या पद्धतीला जागा मिळायची तर तिच्या अपयशातून वाचकाला काही शिकायला मिळाले पाहिजे.

आता शोधनिबंधाच्या प्रस्तावनेकडे जरा थांबून पाहू, कारण परत आलेल्या निबंधांपैकी पुष्कळांचे मर्म तिथेच असते. भाषाभ्यासक जॉन स्वेल्स यांनी अनेक प्रस्तावनांचा अभ्यास करून दाखवले की यशस्वी प्रस्तावनेत तीन पावले असतात: आधी क्षेत्राचे महत्त्व आणि तिथे काय ज्ञात आहे ते सांगणे, मग त्या ज्ञानातली नेमकी उणीव दाखवणे, आणि शेवटी प्रस्तुत निबंध ती उणीव कशी भरून काढतो ते जाहीर करणे. यातले दुसरे पाऊल सर्वांत अवघड असते. ‘या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही’ हे वाक्य उणीव दाखवत नाही, कारण ज्यावर संशोधन झालेले नाही असे विषय अगणित आहेत आणि त्यांतले बहुतेक तसे राहिले तरी कुणाचे काही अडत नाही. समजा, तुमचा विषय मुलांची झोप आणि स्मरणशक्ती यांचा संबंध असा आहे. ‘आधीच्या अभ्यासांत झोपेचे तास पालकांनी सांगितलेले आहेत, आणि पालकांचा अंदाज प्रत्यक्ष मोजणीपेक्षा वेगळा असू शकतो, त्यामुळे स्मरणशक्तीशी आढळलेला संबंध झोपेचा आहे की पालकांच्या अंदाजाचा, हे त्या अभ्यासांवरून सांगता येत नाही’ असे लिहिले की उणीव नेमकी होते, तिचे महत्त्वही कळते आणि तुम्ही मोजणीचे साधन का वापरले हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रबंधाच्या प्रस्तावनेत पहिले पाऊलच तीस-चाळीस पानांचे असते. ते तिथे शोभते. तेच निबंधात आणले की दुसरे पाऊल वाचकाच्या नजरेसच पडत नाही.

निष्पत्ती आणि चर्चा वेगळ्या ठेवण्यामागेही वाचकाचा विचार आहे. तुमचा अर्थ मान्य नसलेल्या वाचकालाही तुमची निष्पत्ती स्वतंत्रपणे वापरता आली पाहिजे. म्हणून निष्पत्तीत काय आढळले तेवढेच लिहावे आणि त्याचा अर्थ चर्चेत सांगावा. चर्चेत क्रियापदांची निवड फार जपून करावी लागते. ‘सिद्ध होते’, ‘दिसून येते’, ‘सूचित होते’ आणि ‘याच्याशी विसंगत नाही’ ही दाव्याच्या बळाची उतरती भांजणी आहे, आणि पुरावा ज्या पायरीवर आहे तीच पायरी निवडणे ही लेखकाची जबाबदारी आहे. वर उल्लेखलेल्या डीएनएच्या निबंधात, रेणूतल्या जोड्यांच्या रचनेवरून आनुवंशिक द्रव्याची नक्कल कशी होत असावी याची एक शक्यता लगेच सुचते, एवढेच लेखकांनी नमूद केले आणि ते थांबले. त्या वेळी हाती असलेल्या पुराव्यावरून त्यापलीकडे जाणे रास्त झाले नसते. नवे संशोधक दोन्ही टोकांना जातात: काही प्रत्येक वाक्याला ‘कदाचित’ जोडून काहीच म्हणत नाहीत, तर काही तीस जणांच्या पाहणीवरून साऱ्या समाजाविषयी निर्णय देतात. दुसरा दोष अधिक गंभीर आहे, कारण त्याचे परिणाम वाचकाला भोगावे लागतात.

गोषवारा हा शोधनिबंधाचा भाग मानला जात असला तरी व्यवहारात तो स्वतंत्र लेखनप्रकार आहे. बहुतेक वाचक तेवढाच वाचतात आणि पुढचे वाचायचे की नाही ते त्यावरून ठरवतात. म्हणून १९८७ पासून वैद्यकीय नियतकालिकांनी उद्दिष्ट, पद्धती, निष्पत्ती, निष्कर्ष अशी उपशीर्षके असलेला गोषवारा मागायला सुरुवात केली. ‘निष्पत्तीची चर्चा केली आहे’ हे गोषवाऱ्यातले सर्वांत निरुपयोगी वाक्य होय. चर्चेतून काय निघाले ते लिहा.

छोट्या प्रकारांना कमी लेखू नये. संक्षिप्त वृत्त, संपादकाला पत्र, एखाद्या प्रकाशित निबंधावरील टिप्पणी, परिषदेतले भित्तिपत्रक, यांतल्या प्रत्येकाला आपले काम आहे. या सर्वांत मला रुग्णवृत्ताविषयी, म्हणजे एका किंवा मोजक्या रुग्णांच्या नोंदीविषयी, थोडे अधिक सांगायचे आहे, कारण एखाद्या प्रकाराने किती भार पेलावा याचे ते सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना झालेल्या एका दुर्मीळ प्रकारच्या न्यूमोनियाची छोटीशी नोंद छापून आली. पुढे ज्याला एड्स म्हटले गेले त्या रोगाची वैद्यकीय लेखनातली ती पहिली नोंद होती. पाच रुग्णांवरून कारण सिद्ध होत नाही, आणि त्या नोंदीने तसा दावाही केला नाही. काहीतरी असाधारण घडते आहे, लक्ष द्या, एवढाच इशारा तिने दिला आणि तो अमोल ठरला. याउलट १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये बारा मुलांच्या नोंदींवर आधारलेला जो निबंध आला, त्यातून गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि ऑटिझम यांच्या संबंधाची भीती जगभर पसरली. त्या नोंदी सचोटीच्या नसल्याचे उघड झाले आणि २०१० मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. पण त्या सचोटीच्या असत्या तरी तुलनागट नसलेल्या बारा रुग्णांच्या मालिकेवरून असा कार्यकारणभाव ठरवताच आला नसता. रुग्णवृत्त शंका उपस्थित करू शकते. तिचा निवाडा दुसऱ्या प्रकारच्या अभ्यासानेच होतो.

निवाड्याचे काम अनेकदा आढावा लेखाकडे येते. इथे तीन प्रकारांची गल्लत होते. पारंपरिक आढाव्यात विषयाचा जाणकार आपल्या निवडीने आणि आपल्या दृष्टीने क्षेत्राचा नकाशा काढतो. त्याचे मोल लेखकाच्या विवेकावर अवलंबून असते. पद्धतशीर आढावा मात्र स्वतःच एक संशोधन असतो. कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणते शब्द घालून शोध घेतला, कोणते अभ्यास कोणत्या निकषावर वगळले, प्रत्येकाची गुणवत्ता कशी जोखली, हे सारे आधी ठरवून जाहीर करावे लागते, जेणेकरून दुसऱ्या कुणी तीच वाट धरली तर तो त्याच अभ्यासांपाशी पोहोचेल. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली आणि २०२० मध्ये सुधारलेली ‘प्रिझ्मा’ ही २७ मुद्द्यांची तपासयादी याच कामासाठी आहे. अशा आढाव्यातले आकडे संख्याशास्त्रीय रीतीने एकत्र केले की त्याला मेटा-ॲनालिसिस म्हणतात. हे नाव जीन ग्लास यांनी १९७६ मध्ये दिले.

आढावा लेख म्हणजे दुसऱ्यांच्या कामाची उजळणी असे समजणाऱ्यांना मी नेहमी एक उदाहरण देतो. अकाली प्रसूतीची शक्यता असलेल्या मातांना कॉर्टिकोस्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळ दगावण्याचा धोका कमी होतो हे दाखवणारी पहिली चाचणी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. नंतरही चाचण्या होत राहिल्या. त्यांतल्या काही लहान होत्या आणि एकेकट्या वाचल्या तर त्यांचे उत्तर संदिग्ध वाटत असे. या चाचण्यांचा पद्धतशीर आढावा १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला, तोवर बहुतेक प्रसूतितज्ज्ञांना या उपचाराचे महत्त्व पुरेसे पटलेले नव्हते. पुरावा छापलेला होता, पण तो एकत्र मांडला गेला नव्हता, आणि त्या मधल्या काळात वाचू शकली असती अशी बाळे गेली. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या बोधचिन्हात याच चाचण्यांचा आलेख आहे.

प्रबंधातले ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ हे प्रकरण या तिन्हींपेक्षा वेगळे असते. त्याचे काम तुमच्या प्रश्नाला जागा करून देणे हे आहे. ‘अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांना तसे आढळले’ अशी परिच्छेदामागून परिच्छेद येणारी माळ मी अनेक प्रबंधांत वाचतो. तिच्यात वाचन दिसते, विचार दिसत नाही. लेखकांच्या नावांभोवती परिच्छेद बांधण्याऐवजी मतभेदांभोवती बांधा: या मुद्द्यावर अभ्यासक कुठे एकमत आहेत, कुठे फुटले आहेत, आणि फुटण्याचे कारण पद्धतीत आहे, नमुन्यात आहे की संकल्पनेच्या व्याख्येत आहे. असे लिहिले की प्रकरण बहुधा आपोआप तिसऱ्या हिश्शाने कमी होते.

संशोधन आराखडा आणि प्रबंध यांचा संबंधही समजून घ्यावा. आराखडा भविष्यकाळात लिहिला जातो आणि वाचणाऱ्या समितीला दोनच गोष्टी पाहायच्या असतात, प्रश्न विचारण्याजोगा आहे का आणि दिलेल्या वेळेत, हाती असलेल्या साधनांनी तो सुटण्याजोगा आहे का. दुसऱ्या मुद्द्यावर बहुतेक आराखडे कोसळतात, कारण उत्साहाच्या भरात तीन प्रबंधांचा विषय एकात घेतलेला असतो. आराखड्याचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. २०१३ पासून मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञानातल्या काही नियतकालिकांनी असा प्रकार सुरू केला की डेटा गोळा करण्यापूर्वीच प्रश्न आणि पद्धती यांचे परीक्षण व्हावे, आणि ते उत्तीर्ण झाले तर निष्पत्ती काहीही आली तरी निबंध छापावा. ‘रजिस्टर्ड रिपोर्ट’ या नावाने तो ओळखला जातो. नकारात्मक निष्पत्ती दडपल्या जाण्यावर मला माहीत असलेल्या उपायांत हा सर्वांत प्रामाणिक आहे, आणि तो अधिक विषयांत पोहोचावा असे मला मनापासून वाटते.

प्रबंधाचेही दोन प्रकार आहेत: एकसंध ग्रंथासारखा, आणि प्रकाशित निबंधांना प्रस्तावना व समारोप जोडून केलेला. दुसऱ्या प्रकाराला तुमच्या विद्यापीठाची मान्यता असती तर तुमचा आजचा प्रश्नच वेगळा असता. पण त्यातही निबंधांना जोडणारी प्रस्तावना लिहिणे हे निबंध लिहिण्याइतकेच कठीण असते.

येथवर मी प्रायोगिक आणि सामाजिक शास्त्रांविषयी बोललो. मानव्यविद्यांत (साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान) चार भागांचा साचा जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण तिथे पद्धत आणि युक्तिवाद वेगळे काढता येत नाहीत. तिथला मुख्य प्रकार म्हणजे युक्तिवादपर निबंध आणि त्याचे विस्तारित रूप म्हणजे एकाच विषयाला वाहिलेला ग्रंथ. या निबंधाचे उत्तम शिक्षण आपल्या भाष्यपरंपरेत मिळते. शास्त्रग्रंथांत भाष्यकार आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे मत, मांडतो, तोही इतक्या ताकदीने की क्षणभर वाचकाला तोच खरा वाटावा, आणि मग उत्तरपक्षाने त्याचे खंडन करतो. विरोधी मत दुबळे करून मांडले की खंडन सोपे होते आणि त्याच प्रमाणात निरर्थकही होते. आजच्या पुष्कळ निबंधांत पूर्वपक्षाला एक वाक्य आणि उत्तरपक्षाला दहा पाने मिळतात. त्यांनी हे शिक्षण पुन्हा घ्यावे असे वाटते.

चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितांतले पाठ ताडून सिद्ध केलेली संहिता, हा मानव्यविद्यांतला सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत कमी कौतुक वाट्याला येणारा प्रकार. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पुरे झाले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी तपासली गेली. अशा आवृत्तीत संपादकाचा युक्तिवाद सलग गद्यात कुठे दिसत नाही. वरची संहिता आणि खालचे पाठभेद यांच्या मांडणीत तो असतो, आणि जाणकार वाचक पान डोळ्यांखालून घालताना तळाच्या टीपांपासून सुरुवात करतो. असे काम ‘लेखन’ म्हणून मोजताना मूल्यमापन समित्या अडखळतात हे मला अन्यायाचे वाटते.

ग्रंथपरीक्षण लिहिताना सारांश एक तृतीयांशापेक्षा जास्त होऊ देऊ नका. लेखकाने कोणता प्रश्न घेतला, त्याला पुरावा पुरतो का आणि क्षेत्रात या ग्रंथाने काय बदलते, हे सांगणे हे परीक्षणाचे काम आहे.

संदर्भ देण्याच्या पद्धतींवरून विद्यार्थी वैतागतात आणि तो केवळ सोपस्कार आहे असे समजतात. पण त्या पद्धती त्या त्या विद्याशाखेच्या पुराव्याच्या स्वरूपातून आल्या आहेत. इतिहासकाराचा पुरावा म्हणजे दप्तरखान्यातला कागद, तो ज्या कापडी गठ्ठ्यात बांधलेला आहे तो रुमाल, त्याचा क्रमांक, कधी त्याच्या विश्वसनीयतेविषयी दोन वाक्ये. हे सारे कंसात मावत नाही, म्हणून तिथे तळटीप हवी. मानसशास्त्रात एखादी निष्पत्ती किती जुनी आहे हे वाचकाला चटकन कळणे महत्त्वाचे असते, म्हणून लेखकाचे नाव आणि साल मजकुरातच येते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या (एपीए) शैलीचा उगम असलेले १९२९ सालचे नियम अवघ्या सात पानांचे होते. वैद्यकात एका विधानाला पाच-सहा आधार जोडावे लागतात, तिथे क्रमांक सोयीचे पडतात. गणितात प्रमेय आणि त्याची सिद्धता हाच सारा निबंध असतो आणि लेखकांची नावे सहसा आडनावाच्या वर्णक्रमाने येतात. संगणकशास्त्रात नामांकित परिषदेतल्या निबंधाला नियतकालिकातल्या निबंधाइतके, कधी त्याहून अधिक, वजन असते. म्हणून दुसऱ्या शाखेच्या नियतकालिकाकडे लेख पाठवण्याआधी त्याचे दोन-तीन ताजे अंक वाचणे हे नियमावली वाचण्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

काही लेखनप्रकार कुठेच छापले जात नाहीत आणि त्यामुळे कुणी शिकवतही नाही: परीक्षकाचा अहवाल आणि त्याला लेखकाने दिलेले उत्तर हे त्यांतले मुख्य. प्रकाशनापूर्वी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी हा आज नियम वाटतो, पण ‘नेचर’नेसुद्धा तो प्रत्येक निबंधाला १९७३ पासून लावला. १९३६ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’ने आइनस्टाइन आणि रोझेन यांचा गुरुत्वीय लहरींवरचा निबंध परीक्षकाकडे पाठवला, तेव्हा आइनस्टाइन रागावले आणि त्यांनी तो परत घेतला. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या नियतकालिकात आला तेव्हा त्यातला निष्कर्ष बदललेला होता, कारण परीक्षकाने दाखवलेली अडचण खरी होती. परीक्षकाला उत्तर लिहिताना त्याचा प्रत्येक मुद्दा उद्धृत करून त्याखाली काय बदलले आणि कोणत्या पानावर ते सांगावे. जे बदललेले नाही त्याचे कारण पुराव्यासह द्यावे. परीक्षकाचा गैरसमज झाला असेल तर बहुतेक वेळा वाक्य संदिग्ध असते, आणि स्पष्टीकरण उत्तरात देण्यापेक्षा ते वाक्यच दुरुस्त करणे चांगले.

प्रीप्रिंट या प्रकाराविषयी थोडक्यात: १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी सुरू केलेल्या ‘अर्काइव्ह’ या ऑनलाइन साठ्यामुळे भौतिकशास्त्र आणि गणितात परीक्षणाआधी निबंध खुला करणे रुळले. ग्रिगोरी पेरेलमन यांनी पॉइन्कारे यांचे गणितातले प्रसिद्ध अनुमान सिद्ध करणारे तीन निबंध २००२ आणि २००३ मध्ये तिथेच ठेवले आणि कोणत्याही नियतकालिकाकडे पाठवले नाहीत; तरी गणितज्ञांनी ते ओळ न ओळ तपासले. गणितात सिद्धता पानावरच असते म्हणून हे शक्य झाले. जिथे वाचकाला लेखकाच्या मोजणीवर विसंबावे लागते त्या शाखांत प्रीप्रिंट अधिक सावधपणे वाचावे.

आता तुमच्या प्रकरणाकडे येऊ. ते समोर ठेवून कापायला बसू नका. तसे केलेले लेख मी ओळखतो, त्यांत सांधे दिसतात. प्रकरण बाजूला ठेवा आणि त्यातला एकच दावा एका वाक्यात लिहा. दोन वाक्ये लागत असतील तर तुमच्याकडे दोन निबंध आहेत, मात्र एकाच निष्पत्तीचे तुकडे करून संख्या वाढवणे आणि दोन वेगळे प्रश्न वेगळे हाताळणे यांतला भेद स्वतःशी प्रामाणिक राहून ठरवा. मग त्या दाव्याला लागणारे तक्ते आणि आकृत्या निवडा, त्यांच्या आधाराने निष्पत्ती लिहा, नंतर पद्धती, मग चर्चा, आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी. सैद्धांतिक चौकटीची प्रकरणातली पाने तीन-चार परिच्छेदांत येतील, कारण निबंधाचा वाचक ती चौकट जाणतो आणि तुम्ही तिचा कोणता भाग घेतला एवढेच त्याला हवे असते. वगळलेली प्रश्नावली आणि सविस्तर तक्ते पुरवणी सामग्रीत जातील. डेटा इतरांना उपयोगी पडण्याजोगा असेल तर त्याच्या वर्णनाला वाहिलेला डेटा-निबंध हा स्वतंत्र प्रकारही आता उपलब्ध आहे, आणि पूर्वसंशोधनाचे प्रकरण शोधाच्या निकषांसह नव्याने केले तर त्यातून आढावा लेख उभा राहू शकेल.

एक व्यावहारिक बाब राहिली. प्रबंधातला मजकूर निबंधात वापरण्यास बहुतेक नियतकालिकांची हरकत नसते, पण ते सांगितलेले असावे लागते. म्हणून संपादकांना लिहायच्या पत्रात आणि निबंधाच्या पहिल्या पानावरच्या टीपेत, हा निबंध प्रबंधातल्या कोणत्या प्रकरणावर आधारलेला आहे आणि त्यात कोणते विश्लेषण नव्याने केले आहे, हे स्पष्ट नमूद करा. प्रबंध विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खुला झालेला असेल तर त्याचा दुवाही त्याच पत्रात द्या, म्हणजे साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने मोठा आकडा दाखवला तरी संपादकांना त्याचे कारण आधीच ठाऊक असेल.